बाजूला बसवलेली धवलारीण

जनीचा आवाज आणि जनीचा राग, दोन्ही किहीमपासून मांडव्यापर्यंत ठाऊक. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी ती धवलारीण. मांडवात कुणी मधेच बडबडलं तर नवरदेवाच्या आईलाही झापायला कमी करायची नाही.

साठी ओलांडली, पाळी जाऊन जमाना लोटला, आणि एका सकाळी लुगड्याला डाग दिसला. सून सुचितानं तो पाहिला आणि मुकाट्यानं पडवीत वेगळी चटई टाकली. विटाळात मांडवात शिरायचं नाही, देवाला शिवायचं नाही, हे जनीनं जन्मभर पाळलेलं. ती जाऊन चटईवर बसली. थोडे दिवस थांबलं, परत सुरू झालं. शेजारणी खिदळल्या, "म्हातारीला परत जवानी आली गो!" आळीभर झालं. हातची दोन लग्नं गेली. तिसरं सख्ख्या भाच्याचं. मांडवामागे खरकट्या भांड्यांशेजारी बसून तिला दुसरीचे धवले ऐकावे लागले, आणि ती बया निम्म्या ओळी गिळत होती. जनीच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्याच दिवशी ती एकटी रिक्षात बसून अलिबागला बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"ह्या बंद करा बाय. माझे नातीचा, प्राप्तीचा लगीन हाय. मना गायचाय."

"पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"धा-बारा तरी."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "आजी, मग ही पाळी नव्हे. पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला तरी तपासून घ्यायचं असतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

"आख्ख्या आलीला म्हाईत व्हता," जनी म्हणाली.

सोनोग्राफी झाली, गर्भपिशवीच्या आतला तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला. नशीब एवढंच, की तो पिशवीबाहेर पसरला नव्हता. पिशवी काढली. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "सुटलीस बाय. आता कायमची अडचन गेली, गायला मोकली." त्यावर जनीनं दिलेल्या शिव्या वॉर्डाच्या टोकापर्यंत ऐकू गेल्या. विटाळ बघायला सगळ्यांना डोळे होते, आणि रक्त का जातंय विचारायला एकीलाही तोंड नव्हतं! सुचिता रडायला लागली. जनीला त्या रडण्याचाही राग आला, आणि आपण आपल्या पायानं जाऊन त्या चटईवर बसलो याचा त्याहून जास्त आला.

प्राप्तीच्या हळदीला जनी पुन्हा मांडवात बसली. पहिलाच धवला तिनं अर्ध्यावर तोडला.

"बायानू, पाली गेल्यावर परत कोनाला रगत दिसलाय? आताच सांगा."

तिची धाकटी जाऊ किशोरी मान खाली घालून, कालवून झालेली हळद पुन्हा पुन्हा कालवत होती.

"किशोरे?"

"दिवालीपासून," किशोरी कशीबशी बोलली. "लगीन होऊ दे गो. मंग जाव."

जनीनं तिचं मनगट धरलं. "लगीन सरला का सन, सन सरला का बारसा. तू कवा जाशील, मेल्यावर? उंद्या सकाली तू न मी अलिबागला."

"आई!" सुचिता किंचाळली. "उद्या लगीन हाय. धवले कोन गाईल?"

"धवलारनी मिलतात गो. मना जाऊ एकच हाय."

मग तिनं राहिलेला धवला पुरा केला, पण किशोरीचं मनगट काही सोडलं नाही.