गाळलेलं पाणी

संस्थानच्या दरबारने बाहेरगावच्या कारागिरांना शाहूपुरीच्या कडेला जागा दिल्या, त्यात आमच्या अप्पांनाही एक मिळाली. दक्षिणेकडच्या कानडी मुलखातून आम्ही हातमाग गाडीत घालून आलो. पुढे माझी फी दरबारनेच माफ केली, म्हणून आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी झालो. हे उपकार मी विसरलेलो नाही. तरीही टेंबलाईच्या जत्रेची आठवण आली की आजही जीव चरफडतो.

आषाढात पंचगंगेला पावसाचं नवं, तांबडं पाणी येतं. गल्लीगल्लीतल्या बायका ते घागरीत भरून, पिपाणी-ढोलाच्या गजरात टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि देवीच्या पायरीवर ओततात. इतकी वर्षं राहूनही आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, शेजारून हळदीकुंकवाचं बोलावणं कधी आलं नव्हतं. अप्पांना वाटलं, एकदा ही गल्लीच्या बायकांबरोबर घागर घेऊन चालली की हिला आपल्यातली म्हणतील. त्यांनी गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "या की पावणं, देवी काय एकट्याची हाय व्हय?"

अव्वा उजाडताच नदीवर गेली. आमच्या मुलखात देवाला पाणी घालायचं ते गाळून. तिने मागावरचं नवं कापड घागरीच्या तोंडाला बांधलं आणि तांबडं पाणी दोनदा गाळलं. पाणी बऱ्यापैकी नितळ झालं. ती खूश होती.

गल्लीच्या तोंडावर सगळ्या घागरी एकत्र आल्या. शेजारच्या काकूंनी अव्वाच्या घागरीत डोकावून पाहिलं आणि त्या ओरडल्या, "अगं बया, हे तर आडाचं पाणी!"

"न्हाई हो, नदीचंच हाय," अप्पा म्हणाले. "गाळून घेतलंय. देवीला गाळ कसा द्यायचा?"

"मग गाळ कुठं गेला? मागावर इणला व्हय?" तालमीतला एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

काकू मात्र हसल्या नाहीत. "नव्या पाण्याचा मान असतो. ह्यांनी देवीला फसवलं. कोप झाला तर भोगायचं कुणी?"

वस्ताद खाली बघत राहिले. वाजप सुरू झालं, घागरी पुढे गेल्या आणि अव्वा तिथंच उभी राहिली. मग तिने ते पाणी आमच्या दारातल्या तुळशीला घातलं.

अप्पा दरबारच्या कचेरीत गेले. अधिकारी सज्जन होते, त्यांनी अप्पांना बसायला सांगितलं. सगळं ऐकून ते रागावले आणि म्हणाले, "दरबारने वसवलेल्या माणसांना अडवतात म्हणजे काय? पुढच्या वर्षी तुमच्या घागरीपुढे दरबारचा पट्टेवाला चालेल."

"तसं नको, साहेब. तिला त्यांच्या बायकांच्यातच चालायचंय."

"अहो, तुम्हाला कुणी अडवणार नाही एवढं मी बघतो. आणखी काय करू?"

अप्पा नमस्कार करून उठले. आणखी काय करायचं, हे एवढा शिकून मलाही सांगता आलं नसतं. घरी येऊन त्यांनी दिवसभर माग चालवला नाही.

पुढच्या आषाढात पट्टेवाला खरंच आला. लाल फेटा, छातीवर पितळी बिल्ला. अव्वाने या वेळी पाणी गाळलं नाही, अगदी घट्ट तांबडं आणलं. तिच्या घागरीत कुणी डोकावलंच नाही. बिल्ला दिसला की बायका बाजूला सरत. काकूंनी तर पदर सावरून वाट दिली. तालमीतल्या पोरांनी चेष्टा केली नाही. वस्ताद अप्पांना पावणं म्हणायचे, त्या दिवशी "या, रावसाहेब" म्हणाले. टेकडीवर अव्वाने पायरीवर पाणी ओतलं तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी होती.

उतरताना अप्पा म्हणाले, "झालं की नाही मनासारखं? कुणी एक शब्द बोललं नाही."

अव्वाने रिकामी घागर कमरेवर घेतली. "तेच तर," ती म्हणाली. "गेल्या वर्षी भांडत तरी होत्या माझ्याशी."