मर्लने आखूड रेल मागितली

मर्ल टोफ्टइतका चिकित्सक माणूस आमच्या अख्ख्या काउंटीत सापडायचा नाही. मी हे छातीठोकपणे सांगते, कारण त्याच्या घरचं टपाल मीच टाकते. या हिवाळ्यात त्याच्या दारात मी किती लांबुळकी खोकी उतरवली आणि आठवडाभराने तीच खोकी, पुन्हा चिकटपट्टी लावलेली, परत पाठवायला उचलली, याला काही सुमारच नाही. आत काय, तर रायफलीच्या नळीभोवती बसवायचं ॲल्युमिनियमचं नळकांडं. डावा हात जिथे धरतात ते. अंगावर खाचा असतात, दिवा नाहीतर पट्टा अडकवायला. इकडे सगळे त्याला रेलच म्हणतात.

"आता हिच्यात काय खोट निघाली?" मी जीपमधूनच ओरडायची.

"खाचांच्या कडा धारदार आहेत, आर्डिस. हातमोजा फाटेल."

"मग शिवून घे की मेल्या! मला कशाला हेलपाटे?"

"तुला पगार मिळतो ना?" असं म्हणून तो दार लावून घ्यायचा.

मूळचाच तसा तो. गावातल्या धान्याच्या कोठारावर त्याने जन्मभर गहू तोलला. काटा थरथरायचा थांबल्याशिवाय आकडा लिहीत नसे, मागे ट्रकांची रांग महामार्गापर्यंत गेली तरी. शेतकरी शिव्या घालायचे, पण गहू त्याच्याकडेच आणायचे. मग कोठार बंद पडलं. पाठोपाठ गेल्या ऑक्टोबरात त्याची बायको डेल्फिन गेली. मूलबाळ नाही. उरला तो, त्याची पेपर नावाची कुत्री, आणि बहिणीच्या शेतावरची कोकरं पळवणाऱ्या कोयोटींसाठी, म्हणजे रानकुत्र्यांसाठी, घेतलेली ती कार्बाइन रायफल.

आणि उरलं लॉर्ना हॉगनचं दुकान. लॉर्ना आमच्याकडची बंदुका दुरुस्त करणारी. रुंद बांध्याची, बोलायला तुसडी, पण तिची कॉफी चांगली असते. शनिवारी सकाळी आम्ही चारपाचजण तिच्या बाकाशी जमायचो आणि मर्लचं प्रवचन ऐकायचो.

"नळीला कशाचाही स्पर्श होता कामा नये," तो बोट नाचवत सांगायचा. "जुनं प्लास्टिकचं आवरण नळीला टेकतं. तू रायफल कुंपणाच्या खांबावर ठेवलीस की खांब आवरणाला रेटतो, आवरण नळीला रेटतं, आणि गोळी जाते भलतीकडे. मोकळी रेल फक्त मागे एका नटाला धरून असते. कितीही रेट, नळीला पत्ता नाही."

"कळलं रे बाबा. मग एक घे आणि मोकळा हो!"

"घेईन की. पण लांब हवी. आखूड रेल म्हणजे आखूड पांघरूण, काहीतरी उघडं राहणारच."

त्याचे हात होतेही तसेच लांब. रायफल खांद्याला लावली की डावा हात पार पुढे जायचा, आणि आखूड रेल घेतली तर पंजा थेट तापलेल्या नळीवर पडायचा. त्यामुळे लांब हवी, पण जड नको. दातेरी नको, कारण थंडीत ती तळहाताला चावते. स्क्रू असे हवेत की ते सैल पडणार नाहीत. भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत व्हायची.

पण खरं सांगायचं तर आम्हाला बरंच वाटत होतं. आमच्याकडे हिवाळ्यात एकटा पडलेला म्हातारा आणि घरातल्या बंदुका, हा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे आणि तोंडाने कुणी बोलत नाही. मी असल्या दोघांच्या प्रेतयात्रांना गेले आहे. दोन्ही वेळा पाद्री म्हणाला, अपघात झाला, बंदूक साफ करताना. आम्ही माना डोलावल्या आणि नंतरच्या जेवणात बटाट्याचं सॅलड खाल्लं. मर्लचीही भीती होतीच. पण मी मनाला समजवायची की ज्याला पुढच्या आठवड्यात येणाऱ्या रेलची काळजी आहे, तो पुढचा आठवडा बघणारच. जोवर त्याचं ठरत नाही तोवर ठीक आहे.

मार्चमध्ये बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता. एके दिवशी सकाळी मी लॉर्नाकडे तिचं टपाल घेऊन गेले आणि कॉफीला टेकले. एवढ्यात मर्ल आला. हातात रायफलीची पेटी. दाढी गुळगुळीत, केस कापलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"आज कुणाचं लग्न?" मी विचारलं.

तो हसला. छान हसला, आणि मला तेच खटकलं. मर्ल माझ्या थट्टेवर हसत नसतो, उलटून बोलतो.

"लॉर्ना, रेल बसवून दे," तो म्हणाला. "ती कपाटावर आहे ना, आखूड, ती चालेल."

"ती? तिच्या कडा बघितल्यास का?"

"असू देत कडा."

"नळी निम्मी उघडी राहील."

"राहू दे गं. शुक्रवारपर्यंत झाली तर बरं."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण जीभ आपली सवयीने चालूच. "अरे देवा! मर्ल टोफ्ट कडा बघत नाही! आता सूर्य पश्चिमेला उगवणार!"

लॉर्नाने रेल खाली काढली, पेटीतली रायफल उघडून रिकामी आहे ना ते पाहिलं आणि रेल नुसती वरून धरून रायफल त्याच्या हातात दिली. त्याने खांद्याला लावली. डावा हात सवयीने पुढे गेला, रेल संपली तिथे न थांबता सरळ उघड्या नळीवर जाऊन बसला.

"बघ," लॉर्ना म्हणाली. "दहा गोळ्या झाडल्यास की भाजशील."

"कर्स्टन नाही भाजणार," मर्ल म्हणाला. "तिचे हात आखूड आहेत. तिला बरोबर होईल."

कर्स्टन म्हणजे त्याची भाची, बहिणीची मुलगी. ठेंगणी आहे, आणि शेतावर कोकरांची राखण आता तीच करते.

"भाचीला देतोयस? मग बरंच झालं की!" मी म्हटलं, आणि मला खरंच हायसं वाटलं. लॉर्नाने मात्र हातातला कप खाली ठेवला.

"मर्ल," ती म्हणाली. "जीव द्यायचं ठरवलंयस का तू?"

आधी मला तिचाच राग आला. आमच्याकडे माणसाला गुडघे कसे आहेत ते विचारतात, गाडी सुरू होते का ते विचारतात, कुत्रं जेवलं का ते विचारतात. हे नाही विचारत. तोंडावर तर नाहीच नाही. काय बाई ही, म्हणून मी तोंड उघडलं, आणि माझं लक्ष मर्लकडे गेलं. तो चिडायला हवा होता. तो बाकावरच्या स्क्रूंच्या डबीकडे बघत उभा राहिला.

"काहीतरीच तुझं," तो म्हणाला.

लॉर्नाने त्याच्या हातातून रायफल घेतली, बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळली आणि लांब पाना लावून नळीचा नट सोडवायला लागली. नट करकरला. तिने नळी उपसून काढली, खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं.

"ही आता माझ्याकडे," ती म्हणाली. "लांब रेल मागवते, तुझ्या हाताच्या मापाची. यायला वेळ लागेल. खूप वेळ लागेल."

मर्ल व्हाइसमधल्या बिननळीच्या रायफलीकडे बघत होता.

"घरी आणखी आहेत, लॉर्ना," तो म्हणाला.

भांडण नव्हतं त्यात, धमकी नव्हती. नुसती माहिती दिली. मी स्टुलावर बसले.

"माहीत आहे मला," लॉर्ना म्हणाली. "चल, आणूया."

लोकांचं टपाल जीपमध्ये तसंच पडून राहिलं. गेलं खड्ड्यात, म्हटलं. आम्ही तिघं लॉर्नाच्या ट्रकमध्ये बसलो, मर्ल मधे. वाटेत तिने कर्स्टनला फोन लावला आणि मर्लच्या देखतच सगळं सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. कर्स्टन म्हणाली, निघालेच. मर्ल समोर बघत होता. त्याच्या मांडीवरचे हात नुकते धुतल्यासारखे स्वच्छ होते.

घरात शिरले आणि मला सगळं दिसलं. फ्रिज रिकामा, पुसलेला, वायर काढून दार उघडं ठेवलेलं. झाडांच्या कुंड्या नाहीत. दाराशी पेपरच्या खाण्याची गोणी, त्यावर तिचा पट्टा आणि तिचं जुनं पांघरूण, नीट घडी घातलेलं. पेपर सारखी त्या गोणीपाशी जाऊन हुंगत होती. मी काल याच दारात टपाल टाकून गेले होते. खिडकीतून त्याने हात केला होता, मीही केला होता.

"हवा बदलेपर्यंत माझ्या तिजोरीत ठेवते," लॉर्ना म्हणाली. आमच्याकडे एकमेकांच्या वस्तू अशा ठेवून घेतात, त्याला कुणी नाव देत नाही. "आणि उद्या आपण दवाखान्यात जाऊ. मी गाडी चालवते. तू कुरकुर कर हवी तितकी."

मर्लने कपाट उघडलं आणि एकेक बंदूक काढून, रिकामी करून द्यायला लागला. देताना बोलल्याशिवाय राहवेना त्याला. हिचा घोडा जड आहे. हिच्या दस्त्याला मीच तेल लावलंय. ही डेल्फिनच्या वडिलांची, हिला ओल लागू देऊ नकोस. लॉर्ना प्रत्येकीला "बरं" म्हणायची आणि मी नेऊन ट्रकमध्ये ठेवायची. शेवटी कपाटात नुसते हिरव्या कापडावरचे वळ उरले.

"झालं सगळं?" लॉर्नाने विचारलं.

मर्ल स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला.

"एक आहे," तो म्हणाला. "झोपायच्या खोलीत. पलंगाच्या डेल्फिनकडच्या बाजूच्या खणात."

"मग आण जा."

तो उठला नाही. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"मला पाठवू नकोस गं," तो म्हणाला. "आत गेलो तर मी परत येईन की नाही, मला सांगता येत नाही."

लॉर्ना आत गेली. मी त्याच्या शेजारी बसले आणि ती परत येईपर्यंत त्याचं मनगट सोडलं नाही.