सोलर धुतले भाभींनी, जळफळाट माझा

मंडळी, खरं सांगते, आज सकाळपासून माझा नुसता जळफळाट होतोय.

थंडी सुरू झाली की आमच्या अलिबागच्या सोसायटीत गच्चीवरचे सोलर धुवावे लागतात. खाऱ्या वाऱ्याने काचांवर थर बसतो आणि पाणी नीट तापत नाही. दरवर्षी मी ग्रुपवर मेसेज टाकते. सगळे ‘हो हो’ म्हणतात, वर कोणी फिरकत नाही. शेवटी मीच एकटी बादली घेऊन चढते.

आज बाजारातून मासळी घेऊन आले, बादली उचलली आणि वर गेले, तर गच्चीत अर्धी सोसायटी! मध्ये यंदाच राहायला आलेल्या नसरीनभाभी, आणि पाइप धरून चक्क आमचे हे. घरात पाण्याची बाटलीसुद्धा न भरणारा माणूस!

“भाभी, सगळ्यांना आणलंत कसं?”

“दारं वाजवली, ताई. म्हटलं, मला एकटीला जमत नाय, जरा येता का? तुमच्याकडं पण आले होते.”

आता ग्रुपवर भाभींचं कौतुक चाललंय. संध्याकाळी कडकडीत पाण्याने आंघोळ केली, तरी माझा राग काही गेला नाही.

‘एकटीला जमत नाही’ असं कोणाच्या दारात जाऊन म्हणणं तुम्हाला जमतं का हो? मला अजून नाही जमत.