कवितेच्या ‘डुप्लिकेट’ ओळी

आमचा रिपोर्ट वाचून हासेगावा-सेन्सेईंनी उभं राहून आमची माफी मागितली.

“अकरा वर्षं हातानं मोजतोय. कुठेतरी माझंच चुकलं असणार. पेपर मागे घेतो. शुक्रवारी पत्र टाकतो,” ते म्हणाले.

माझे मॅनेजर मोरिता-सान कमरेतून वाकले, म्हणून मीही वाकले. बाहेर पडल्यावर ते फक्त “हं” म्हणाले.

दोन हजार सालाच्या सुरुवातीची ही गोष्ट. पुण्याच्या कंपनीनं मला कावासाकीला पाठवलं होतं. एरवी काम विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं. मध्येच एका विद्यापीठातल्या या सेन्सेईंकडून, म्हणजे प्राध्यापकांकडून, हे छोटं काम आलं. एक जुनी, हजारो ओळींची डॅनिश कविता. तिच्यातलं वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती कॉम्प्युटरनं मोजून द्यायची.

“डॅनिश येतं?” मोरिता-साननी विचारलं होतं.

“नाही.”

“मलाही नाही. मग तुम्हीच करा.”

काम ऐकायला वाटतं तेवढं अवघड नव्हतं. आपण मात्रा मोजतो, तसे तिकडे ओळीतले आघात मोजतात. यमकासाठी ओळींचे शेवट जुळवायचे. पुनरावृत्ती म्हणजे कोणती ओळ किती वेळा परत येते. त्यात सेन्सेईंचा जीव अडकला होता. कवितेचा शेवटचा भाग दुसऱ्याच कुणीतरी मागाहून जोडला, असं सगळे अभ्यासक मानत. सेन्सेई म्हणत, नाही, हात एकच आहे. कारण एक ओळ कडव्यामागून कडव्यात परत येते, आणि तिची ती लय शेवटपर्यंत सुटत नाही. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. हा पेपर म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई.

आणि आमचा रिपोर्ट म्हणत होता, ती ओळ क्वचितच येते.

कावासाकी ते ओजिमा, घरी जाताना ट्रेनमध्ये मला बसायला जागा मिळाली तरी बसवेना. सेन्सेईंसारखा माणूस अकरा वर्षं चुकीचं मोजेल? पण प्रोग्राम तर मी तीनदा तपासला होता. नवऱ्यानं काय झालं विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात सेन्सेईंनी ज्यांवर हातानं मोजणी केली होती त्या कार्डांच्या झेरॉक्स घेऊन बसले आणि सरळ बोट ठेवून ओळी मोजल्या. पहिल्या सर्गात त्यांच्याकडे शहाण्णव ओळी. आमच्या फाइलमध्ये एकोणऐंशी.

मग लक्षात आलं. विम्याच्या कामात एकच ग्राहक यादीत दोनदा येतो, म्हणून आधी डुप्लिकेट उडवायचे. ती स्क्रिप्ट माझीच, आणि तिचा मला कोण अभिमान! कवितेची फाइल आली, मी सवयीनं ती चालवली. हुबेहूब परत आलेली प्रत्येक ओळ तिनं कचरा समजून काढून टाकली. थोड्या फरकानं आलेल्या उरल्या, म्हणून आकडा शून्य आला नाही. शून्य आला असता तर मूर्खालाही कळलं असतं. जन्मभर आरत्या म्हटलेल्या बाईनं ध्रुवपदं पुसून टाकली होती. लाज वाटली, अगदी खरीखुरी.

मी हे सांगितलं तेव्हा मोरिता-साननी, अडचण आली की तिकडे ओढतात तशी, दातांतून हवा ओढली. “आधी कारणांचा रिपोर्ट. त्यावर विभागप्रमुखांचा शिक्का. मग क्लायंटला कळवायचं. प्रमुख सोमवारी येतील.”

“सेन्सेई आज पत्र टाकणार आहेत!”

“पद्धत आहे.”

“मग मी फोन करते. काय व्हायचं ते होऊ दे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरीवरून काढतात आता, असंच मला वाटलं. त्यांनी कोट उचलला. “फोनवर माफी मागत नाहीत. चला.”

स्टेशनवर ते मिठाईच्या दुकानात शिरले. माफीला रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणे. चेस्टनटची घ्यावी की लाल बीन्सची, यावर त्यांनी इतका वेळ लावला, की तो बॉक्स हिसकावून पळत सुटावंसं वाटलं.

सेन्सेईंच्या टेबलावर पाकीट होतं. तिकीट लावलेलं. मी वाकून, मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं.

“म्हणजे माझी मोजणी?”

“बरोबर आहे. आमची फाइल चूक.”

ते हळूच खुर्चीत बसले. पाकीट उलटं करून ठेवलं. रागावतील म्हणून मी खाली बघत होते. त्यांनी विचारलं, “तुम्ही दोघांनी ही कविता कधी ऐकली आहे?”

“नाही,” मोरिता-सान म्हणाले. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. मला एक शब्द कळत नव्हता. पण ती ओळ तिसऱ्यांदा आली तेव्हा मी ओळखली. मोरिता-साननीही मान वर केली.

दुरुस्त फाइल पुन्हा चालवली. सेन्सेईंचा आकडा दोनच ठिकाणी चुकला होता, आणि तो त्यांनी कमी धरला होता. पेपर छापून आला. मला तीन पानी माफीपत्र लिहावं लागलं. ‘कारण’ या रकान्यात मी स्क्रिप्टबद्दल सविस्तर लिहिलं होतं. मोरिता-साननी ते खोडलं आणि एकच वाक्य लिहून दोघांच्या नावानं शिक्के मारले: ‘आम्ही कविता वाचली नव्हती.’