पडद्यावर हिरवं, गोदामात रिकामं

त्या काजूच्या प्रकरणाची आठवण झाली की आजही आधी हायसं वाटतं, हसू त्यानंतर येतं. मालवण किनाऱ्याजवळच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना होता. मालक मुंबईचा. त्याने कारखान्यात भिंतीवर एक मोठा पडदा लावला होता. रोज किती काजू फोडले, उद्दिष्ट किती, सगळं त्यावर पट्ट्यांनी दिसायचं. काम पुरं झालं तर पट्टी हिरवी, कमी पडलं तर लाल. तोच पडदा मालकाला मुंबईत मोबाइलवर दिसायचा. आकडे भरायचा तो कारखान्याचा मॅनेजर.

नाताळच्या ऑर्डरीसाठी मालक आला आणि गोदामात माल कमी निघाला. पडद्यावर होता, गोदामात नव्हता. मालक तडक ठाण्यात. चोरीचा गुन्हा दाखल झाला. गोदामाची चावी एकाच बाईकडे असायची, त्यामुळे संशय सरळ तिच्यावर. त्यात आमच्या खबऱ्याने सांगितलं, सावंतवाडीच्या बाजारात कुणीतरी स्वस्तात काजूगर विकतंय. माणसं पाठवली. तो विक्रेता भलताच निघाला, त्याच्याकडे दुसरीकडच्या खरेदीच्या पावत्या होत्या. बाईच्या घराची झडती घेतली. तिथेही काही नाही.

तरी मालक ऐकेना. "साहेब, सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही ना? मग आत्ताच करा." कायदा त्याने माझ्याआधी वाचला होता! राग आला, पण वरूनही गुन्हा उघडकीस आणण्याचा तगादा होता. अटक झाली असती तर त्या बाईला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

दुपारी तिला चौकशीला बसवलं. सोबत आमची महिला हवालदार, ती त्याच भागातली.

"काकी, आदी पाणी पी गो," हवालदार म्हणाली.

बाई पाणी प्यायली आणि तिने माझ्याकडे सरळ बघितलं. चोर सहसा दाराकडे बघतो.

मी मालकाचा मोबाइल घेऊन एकेका दिवसाचा माल विचारत गेलो. ती नीट उत्तरं देत होती. एका ठिकाणी सलग तीन उंच हिरव्या पट्ट्या होत्या. "हे तीन दिवस तर काम जोरात झालेलं दिसतंय," मी म्हणालो.

ती गोंधळली. मग तिचा आवाज चढला. "साहेब, तेव्हा गावपळण होती! आदल्या दिसाक मी कुलूप घातलंय, परत इल्यावर उघडलंय. आमी सगळे वेशीभायर, झोपड्यांत. गावात चिटपाखरू नाय. मगे काजू कोणी फोडल्यान? राखणदार देवचारान?"

हवालदार तोंडावर हात ठेवून हसली. मी मात्र कपाळावर हात मारला. देवाचा कौल मिळाला की तो अख्खा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. रिकाम्या गावाला मीच बंदोबस्त दिला होता. स्टेशन डायरीत माझ्याच सहीची नोंद होती: गावात कोणी शिरलं नाही.

मॅनेजरला बोलावलं. फार विचारावं लागलं नाही. खुर्चीत बसायच्या आधीच तो रडकुंडीला आला होता.

"पट्टी लाल झाली की मुंबईहून फोन येतो, साहेब. ऐन ऑर्डरीत देवासाठी कारखाना बंद आहे, हे कसं सांगणार? उद्दिष्टाएवढे आकडे भरले. वाटलं, पुढे भरून काढू."

"बंद होता तर बंद म्हणायचं ना!" मालक ओरडला.

"त्या पडद्यावर 'बंद' लिहायला जागाच नाही, शेठ."

गोदामातली तूट आणि त्या तीन दिवसांचे आकडे पडताळले. बरोबर जुळले. चोरी झालीच नव्हती. जो माल कधी तयारच झाला नाही, त्यासाठी आम्ही एका बाईला कोठडीच्या दारापर्यंत आणलं होतं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हवालदारने तर बाईला मिठीच मारली.

मालक ओशाळला. त्याने तिच्याकडून काढून घेतलेली चावी पुढे केली, "काकी, उद्यापासून या."

तिने हात मागे घेतला. "आदी गोदामात चला. माल आपल्या डोळ्यांनी बघा. मगे चावी घेतंय."

आणि तो मुकाट्याने तिच्या मागून गेला.

गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला, असा 'क' समरी अहवाल मी न्यायालयात पाठवला. महिनाअखेरच्या बैठकीत अटकेच्या रकान्यात आमच्या ठाण्यापुढे शून्य होतं. वरिष्ठांनी भुवया उंचावल्या. उद्दिष्टं असावीत, ती बघायला पडदेही असावेत. पण आकड्यावर विसंबून माणसाला हात घालायच्या आधी जागेवर जाऊन बघावं, एवढं मी त्या बाईकडून शिकलो. नोकरीत पुष्कळ शेरे मिळाले, पण ते शून्य मला आजही सगळ्यात जवळचं वाटतं.