सरावाला दिलेली परीक्षा

अमरावतीत खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला एक सवय लागते. जो फॉर्म निघेल तो भरायचा. तलाठ्याचा निघाला, भरा. वनरक्षकाचा निघाला, भरा. आपल्याला व्हायचं काय आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. पेपर देऊन यायचा, कारण "सराव होते". आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी तर पाच वर्षांत इतक्या परीक्षा देऊन बसली होती की तिला खरं काय व्हायचंय हे तिचं तिलाच आठवत नव्हतं. मी तिला हसायचे. आज त्या हसण्याचा मला संताप येतो.

मला काय व्हायचंय ते मला पक्कं माहीत होतं. मला विमान चालवायचं होतं. अमरावतीतच इंजिनिअरिंग झालं होतं, डोळे उत्तम होते, उंची पुरेशी होती. प्रश्न होता कोणत्या दलात जायचं. सैन्यात आधी अधिकारी व्हा, मग हेलिकॉप्टरसाठी अर्ज करा, म्हणजे पुन्हा रांगेत उभं राहणं आलं. ते मी बाद केलं. नौदलाचीही विमानं असतात, हे मी आत्याला तीनदा समजावलं. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे धरणाचं. ती तिन्ही वेळा एकच विचारायची, "बोटीवरून पडली तं पोयता येते काय तुले?" शेवटी मी ठरवलं, हवाई दल. त्याची लेखी परीक्षा दिली, चांगली गेली, आणि बोलावण्याची वाट पाहत बसले.

मधेच नौदलाचं पत्र आलं. तिकडे लेखी परीक्षा नव्हती, कॉलेजच्या मार्कांवरच मुलाखतीला बोलावत होते. फॉर्म मी अर्थातच भरून ठेवला होता, निघाला होता म्हणून. तो पायलटचा होता.

पत्र घेऊन मी क्लासच्या सरांकडे गेले. सरांनी गणवेश आयुष्यात घातला नव्हता, पण क्लासबाहेरच्या फ्लेक्सवर गणवेशातल्या पोरांच्या रांगेत स्वतःचा फोटो सगळ्यात मोठा लावला होता. पत्रावर नजर टाकून ते म्हणाले, "आलेला कॉल सोडाचा नाई. नेव्हीचं देऊन टाक. इंटरव्ह्यूचा अनुभव येते. खरं तुह्यं एअर फोर्सच हाय ना? मंग हे सरावाले."

बॅग भरायला मी अकोल्याला घरी आले. बाबा वीज कंपनीत लाइनमन. लाइन बंद केल्याचा कागद हातात येऊन तो नीट वाचल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, ही त्यांची नोकरीभराची शिस्त. त्यामुळे घरात येणारा कुठलाही सरकारी कागद ते ओळीवर बोट ठेवून वाचतात, लग्नपत्रिका वाचावी तितक्या आवडीने. माझं पत्र आणि सोबतची नियमांची पानं त्यांनी अशीच वाचली. अडलेले इंग्रजी शब्द मला विचारले. मग एका ओळीवर बोट थांबलं.

"याच्यात लिवलं हाय, पायलटची टेस्ट जिंदगीत एकच बार देता येते. मंग सराव कायचा?"

मी ती ओळ वाचली होती. हे मला इथे लिहायलाच हवं, नाहीतर सगळा दोष सरांवर ढकलून मी मोकळी होईन. मी वाचली होती आणि मला वाटलं होतं, ती नौदलापुरती असेल. मी बाबांना म्हणाले, "बाबा, तुमाले यातलं काई समजत नाई. सर रोज हेच शिकवून राहिले." त्यांनी पानं जुळवली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

मुलाखत छान झाली. गटचर्चा, मैदानावरची कामं, सगळं पार पडलं. राहिली पायलटची चाचणी. आधी कागदावर घड्याळासारख्या यंत्रांची चित्रं, ती पाहून विमान कुठे वळलंय ते ओळखायचं. मग एका यंत्रासमोर बसायचं, हातात दांडा, पायाखाली पेडल, आणि पडद्यावर पळणारा ठिपका चौकटीत धरून ठेवायचा. मी तयारी शून्य केली होती. सरावालाच तर आले होते! अधिकारी सूचना दोनदा समजावून सांगत होते आणि मी अर्ध्या कानाने ऐकत होते. ठिपका पहिल्यांदा चौकटीबाहेर गेला तेव्हा मनात आलं, असं असतं होय, एअर फोर्सच्या वेळी बघू. अक्षरशः हेच मनात आलं.

माझं नाव यादीत नव्हतं. मी त्या अधिकाऱ्यांना विचारलं, हवाई दलात पुन्हा देता येईल ना? ते शांतपणे म्हणाले, नाही, ही चाचणी सगळ्या दलांसाठी एकच, आता कुठेच नाही.

मी घरी न जाता आधी अमरावती गाठली. सर शिकवत होते. पन्नास पोरांसमोर मी दारातूनच विचारलं, "सर, ती टेस्ट एकदाच देता येते, तुम्हाला माहीत होतं का नव्हतं?"

"अवं, येवढी काहून तापून राहिली? अनुभव तं आला ना? टेक्निकल हाय, ग्राउंड ड्यूटी हाय. ऑफिसर तं होशीनच. अन् फोटो देऊन जाजो फ्लेक्ससाठी."

त्यानंतर मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पुढच्या बाकावरची एक जण म्हणाली, "ताई, हळू." मी हळू बोलले नाही. तरी माझं बोलून झाल्यावर सरांनी फळा पुसला आणि पुढचं गणित घातलं.

हवाई दलाचं पत्र त्यानंतर आठ दिवसांनी आलं. लेखीत पास. सोबत शाखा निवडायचा कागद होता, आणि पायलटच्या चाचणीत आधी नापास झालेल्यांनी उड्डाण शाखेवर काट मारावी, अशी सूचना होती. ती काट मी स्वतःच्या हाताने मारली. कागद फाटेल इतका पेन दाबला. बाबा ड्यूटीवरून येऊन समोर बसले होते. तोवर मी त्यांना नुसतं "नाही झालं" एवढंच सांगितलं होतं. आता सगळं सांगितलं. मी वाट पाहत होते, त्यांनी म्हणावं, मी सांगतलं होतं तुले. म्हणजे मला त्यांच्यावर ओरडता आलं असतं.

ते म्हणाले, "आता जे रायलं, टेक्निकल, त्याच्यात काय करा लागते?"

मी सांगितलं. विमानांची देखभाल, दुरुस्ती, आणि उडण्याआधीची तपासणी.

"म्हंजे तू पास केलं तवाच ते उडन?" त्यांचा चेहरा उजळला. "मंग माह्यासारखंच की वं बाई! मी लाइन दुरुस्त करतो, तू विमान करजो. चांगलं काम हाय."

चांगलंच होतं ते काम. मला ते नको होतं. आणि जन्मभर दुरुस्तीच करत आलेल्या त्या माणसासमोर मला तेही म्हणता येईना.