चांगल्या कोटाची सहा बटणं

मास्तरांना माणूस ओळखायला एक नजर पुरायची, असं निदान मास्तरांचं तरी म्हणणं होतं. जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात तीस वर्षं ते शिलाई मशीन चालवत होते. गिऱ्हाईक आलं की आधी कॉलर बघायचे, मग बाहीचं टोक, आणि सगळ्यात शेवटी, जमलंच तर, चेहरा. "चेहऱ्याचं काय घेऊन बसलात," ते म्हणायचे, "कॉलरची आतली बाजू दाखवा. पितळ असेल तर तिथं उघडं पडतं." त्यांची स्वतःची कॉलर आतूनबाहेरून कडक असायची. शर्ट मोजून तीनच होते, पण ते फक्त बायकोला आणि इस्त्रीला ठाऊक.

दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, त्यांचं तीन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत खिडकीपाशी आईचं जुनं पायमशीन होतं आणि त्यावर बसून बायको काजं, तुरपाई, बटणं असलं काम उरकायची. आईचे शेवटचे महिने याच खोलीत गेले, मशीनकडे तोंड करून टाकलेल्या खाटेवर. इमारत सरकारने कमी भाड्याच्या घरांसाठी बांधलेली. नवरा गेल्यावर आईने घरांच्या ऑफिसात दोन वर्षं खेटे घातले तेव्हा कुठे या खोल्यांची किल्ली हातात पडली होती. मास्तर हे नाकारत नसत. फक्त ते 'सरकारी घर' न म्हणता 'आमचा फ्लॅट' म्हणत आणि "आईने कष्टाने मिळवलाय" एवढं बोलून विषय मिटवत.

आईची एक सवय मात्र त्यांनी पुरती अंगात मुरवली होती. कुणी "कसं चाललंय?" विचारलं की "काही कमी नाही" म्हणायचं. डब्यात पीठ असो वा नसो, आई हेच म्हणायची, तेही अशा ठसक्यात की विचारणाऱ्यालाच आपलं काहीतरी कमी असल्यासारखं वाटावं.

तर या मास्तरांच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेवर नवी इमारत उभी राहायला लागली. एकेका खोलीची घरं, बेघरांसाठी. झालं! जुन्या इमारतीला एकदम आठवलं की आपण कर भरतो. पोस्टातून निवृत्त झालेले काका मास्तरांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून रोज म्हणायला लागले, "आपण मरमर मरायचं आणि हे फुकटे आयते येऊन बसणार!" काका पहिल्या मजल्यावर राहायचे, त्याच कमी भाड्यात, चाळीस वर्षं. पण तो हिशेब वेगळ्या वहीतला होता आणि ती वही कुणी उघडत नव्हतं.

मास्तर सुरुवातीला नुसती मान हलवायचे. मग एक दिवस कोट आला.

कोट घेऊन आलेल्या बाईला सगळे फाइलवाली म्हणायचे, कारण तिच्या काखेत कायम एक फुगलेली प्लॅस्टिकची फाइल असायची. ती एका नातेवाइकाच्या गच्चीवर पत्र्याखाली राहत होती आणि नव्या इमारतीच्या यादीत तिचं नाव होतं. कोट उंची होता, कामाच्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी दिलेला. त्याला शिंगाची सहा बटणं, तपकिरी, घोटीव.

"मास्तर, ही बटणं काढा आणि साधी प्लॅस्टिकची लावा," ती म्हणाली. "एकसारखी नसली तरी चालतील. नसलेलीच बरी."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चांगल्या कोटाची वाट लावायला सांगताय?"

"परवा ऑफिसात बोलावलंय. थंडी आहे, कोट तर घालायलाच हवा. पण मागच्या वेळी समोरचा साहेब बटणांकडेच बघत होता. ही जपून ठेवा तुमच्याकडे. घर मिळालं की परत लावून घेईन."

गिऱ्हाइकाचं काम म्हणून मास्तरांनी बटणं बदलली. पण फाइलवाली गेल्यावर त्यांनी ती सहा बटणं खडूच्या रिकाम्या डबीत घातली आणि डबी मशीनच्या खणात न ठेवता समोर फळीवर ठेवली. त्यांच्या दृष्टीने तो आता पुरावा होता.

पुढचे दोन महिने त्या डबीला उसंत मिळाली नाही. जो येईल त्याच्यासमोर मास्तर झाकण उघडायचे. "बघा, ही यांची गरिबी! शिंगाची बटणं! गरीब दिसायला शिंप्याकडे येतात!" काका तर डबी तळहातावर घेऊन असे हलवायचे की आतली बटणं खुळखुळायची आणि ऐकणाऱ्याची खात्रीच पटायची. या डबीच्या जोरावर अर्ज तयार झाला. मास्तरांचं अक्षर चांगलं, म्हणून त्यांनीच तो लिहिला आणि पहिली सहीही केली. घरं खऱ्या गरजूंनाच द्यावीत. त्यासाठी घरोघर जाऊन पाहणी करावी, कुणालाही वगळू नये. आणि दोन इमारतींच्या मध्ये उंच भिंत बांधावी, तिला दार ठेवू नये, म्हणजे ती माणसं आमच्या आवारातून ये-जा करणार नाहीत. जुन्या इमारतीतल्या एकूण एक घराने सही केली.

घरांच्या ऑफिसात अर्ज वर्षानुवर्षं धूळ खातात, असा लौकिक. हा अर्ज मात्र दीड महिन्यात मंजूर झाला. आधी भिंत आली, डोक्याच्याही वर जाणारी, अखंड. मग नव्या इमारतीत माणसं राहायला आली, फाइलवालीही आली. आणि मग पाहणीचं पत्र आलं. मागणीप्रमाणे कुणालाही वगळलेलं नव्हतं. दोन्ही इमारती एकाच योजनेतल्या असल्याने सुरुवात जुन्या इमारतीपासून होणार होती, आणि अर्जावर पहिली सही ज्यांची, त्यांच्या घरापासून.

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. दोन माणसांना तीन खोल्या नियमात बसत नव्हत्या. अशा कुटुंबाला नव्या इमारतीत एक खोली मिळणार होती. ज्यांचं पोट घरातल्या खोलीवर चालतं आणि ज्यांची परिस्थिती हलाखीची आहे, एवढ्यांनाच मोठं घर ठेवता येणार होतं.

"आपलं पोट चालतंच की आतल्या खोलीवर," बायको म्हणाली.

"हो, पण हलाखी?"

बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली. महिनाअखेरीला चूल पेटती ठेवायला तिने काय काय केलं होतं ते तिने कधी तोंडावर आणलं नव्हतं, आजही आणलं नाही. एवढंच म्हणाली, "त्या फाइलवालीने पाच पाहण्या दिल्यात. जा, तिला विचारा."

"मी? तिला?"

"मग काय पोस्टातल्या काकांना विचारणार?"

मास्तरांना मरणप्राय वाटलं, पण आईची खोली जायची वेळ आली होती. ते निघाले. खिडकीतून हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या घरी जायला त्यांना रस्त्याने वळसा घालून, गॅरेज आणि दवाखाना ओलांडून, पंधरा मिनिटं चालावं लागलं. मध्ये भिंत होती ना.

फाइलवालीच्या खोलीत खिळ्याला तो कोट लटकत होता, पाच वेगवेगळ्या रंगांची बटणं मिरवत. सहावं तुटून पडलं होतं. मास्तरांनी तिकडे बघायचं टाळलं. तिने काही टोमणा मारला नाही. पाणी दिलं, फाइल बाजूला सरकवली आणि कामाचं बोलायला लागली.

"घर आवरून ठेवू नका. फाटका शर्ट आहे?"

"खांद्यावर उसवलेला एक आहे. फेकायला काढलाय."

"तोच घाला. इस्त्री नको. आणि साहेबांनी विचारलं, काही अडचण आहे का, तर म्हणायचं, 'चाललंय कसंबसं.' एवढं म्हणून गप्प बसायचं. हेच सगळ्यात अवघड आहे, मास्तर. मला तीन पाहण्या लागल्या शिकायला."

पाहणीच्या दिवशी मास्तर सकाळी दहाला तयार होते. अंगात उसवलेला शर्ट, दाढीचे खुंट, आतल्या खोलीत कपड्यांचे ढीग, पडदा एका बाजूने लोंबणारा. बायकोने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "छान. हलाखी शोभून दिसतेय." ती औषधं आणायला दवाखान्यात गेली आणि मास्तर आईच्या मशीनसमोर वाट बघत बसले.

साहेब दहाला येणार होते. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मास्तरांना हात रिकामे ठेवून बसायची सवय नव्हती. समोरच्या आरशात खांद्यावरची उसवण दिसत होती, आणि ती नुसती उसवण नव्हती, अडाणी उसवण होती, धागे चारी दिशांना. त्यांनी शर्ट उतरवला आणि ठरवलं, फक्त धागे सारखे करू. मग त्या धाग्यांना जोडीचा धागा ओवला. मग हात चालायला लागले आणि मास्तर आरामात गुणगुणायला लागले. शर्टाला असा रफू झाला की बोट फिरवूनही जागा सापडू नये. पडदा लोंबत होता तो त्यांनी जाता जाता टाचला. चादरीची कड दुमडली. कपड्यांच्या ढिगात बसवेना म्हणून घड्या घातल्या. आणि एवढं सगळं झाल्यावर चुरगळलेल्या शर्टात बसणं बरं दिसेना, म्हणून शर्टावरून इस्त्रीही फिरवली.

बायको आणि साहेब जिन्यात एकदमच भेटले. दार उघडताच बायकोच्या हातातली पिशवी खाली आली.

"वा!" साहेब म्हणाले. माणूस सज्जन होता, थकलेला होता, आणि सकाळपासून त्याने दुसऱ्या एका वस्तीत आवर्जून पसरलेली पाच घरं पाहिली होती. "काय टापटीप आहे! नाहीतर काही लोक..." तो खुर्चीवर बसला तेव्हा त्याच्या खिशाचं अस्तर लोंबताना मास्तरांना दिसलं. मास्तरांनी ते तिथल्या तिथे शिवून दिलं. साहेब खूश झाला. त्याने कागद काढला, 'राहणीमान' लिहिलेल्या ओळीपाशी पेन टेकवलं आणि आपुलकीने विचारलं, "मास्तर, मनापासून सांगा. काही अडचण?"

बायकोने डोळे मोठे केले. मास्तरांना 'चाललंय कसंबसं' आठवत होतं, अगदी जिभेवर होतं. पण समोर बसलेला माणूस त्यांना मान देऊन विचारत होता, आणि पाठीशी आईचं मशीन होतं.

"काही कमी नाही, साहेब," मास्तर म्हणाले. ठसकाही आईचाच होता.

साहेबाने समाधानाने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

महिन्याभरात मास्तरांचं सामान नव्या इमारतीत आलं. आईचं मशीन दुकानात मावेना म्हणून तेही खोलीत आलं, आणि त्याने खिडकीखालची सगळी जागा खाल्ली. आता दोघं त्याच्याच फळीवर ताटं ठेवून जेवतात. पहिल्या रात्री मास्तरांनी ताट पुढे सरकवलं. "आईने दोन वर्षं खेटे घातले आणि मी एका वाक्यात घालवलं," ते म्हणाले आणि रडले. बायकोने त्यांना रडू दिलं. ती रागावली होती, पण तिला त्यांचं ते वाक्य लग्नापासून ठाऊक होतं.

दुकान मात्र जुन्या जिन्याखालीच राहिलं. त्यामुळे मास्तर रोज दोन वेळा वळसा घालून, गॅरेज आणि दवाखाना ओलांडून, आपणच मागून घेतलेल्या भिंतीला प्रदक्षिणा घालतात. काका वाचले. त्यांनी आतल्या खोलीत विकायचे म्हणून पापड मांडून, फाटकी चादर पांघरून कण्हत पाहणी दिली होती. ते अजून स्टुलावर येऊन बसतात आणि 'त्या पलीकडच्या फुकट्यांवर' बोलतात. पहिल्यांदा बोलता बोलता ते थबकले होते. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. तुमची गोष्ट वेगळी." मास्तरांनी पायाखाली मशीन जोरात चालवलं, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये. पण परवा जिना उतरताना काका दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते ते ऐकू आलंच. "कॉलर बघितलीत का मास्तरांची? फुकटच्या खोलीत राहून कशी परवडते ही इस्त्री?"

त्या संध्याकाळी मास्तरांनी फळीवरची डबी खाली घेतली, खिशात घातली आणि घरी जाताना फाइलवालीच्या दारावर थाप मारली.

"तुमची बटणं," ते म्हणाले. "सहाही आहेत. कोट द्या, आत्ता लावून देतो." मग डबी पुढे करत म्हणाले, "मी ती लोकांना दाखवत होतो. माझं चुकलं."

"ठाऊक आहे. बरीच फिरली म्हणे." फाइलवालीने डबी उघडली, बटणांवरून बोट फिरवलं, झाकण लावलं आणि डबी परत त्यांच्या हातात दिली. "आत्ता नको, मास्तर. पुढच्या महिन्यात या इमारतीची पाहणी आहे. ठेवा तुमच्याकडेच."

मास्तर वळले. तिने मागून हाक मारली.

"आणि तुमच्या शर्टाचीही काढून त्यातच ठेवा."

मास्तरांनी मान खाली घालून बघितलं. गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली होती, एकही जागचं हललेलं नव्हतं.